रिकामा गडवा

रुचिकाचं गणित पक्कं होतं. जुन्या वस्तूला भाव येतो तो तिच्या वयामुळे, आणि वय दिसतं ते अंगावर चढलेल्या थरामुळे. रसायनशास्त्राच्या एम.एस्सी.ला एवढं कळत नसेल, तर कोणाला कळणार?

तिरोड्याच्या घरातल्या पुढच्या खोलीत तिनं ऑनलाइन दुकान मांडलं होतं. जुने कोट, जरीच्या साड्या, वाळवीच्या तोंडातून वाचलेली पुस्तकं. नवरा भोजराज याच खोलीवर टपून बसला होता. धान निघालं होतं आणि पोती अजून अंगणातच होती.

"तुझं एक जरी पार्सल परत आलं, का या खोलीत पोते. आधीच सांगून राहिलो."

"येतच नाही परत," रुचिका म्हणाली.

पुण्याच्या एका संग्राहकानं पितळी गडवा मागवला होता, तोही त्याच्या काळपट रंगावर भाळून. वर्षानुवर्षं माळ्यावर पडलेला, तांब्याएवढा गडवा. रुचिकानं वर्णनात अभिमानानं लिहिलं होतं, 'कधीही न घासलेला.'

गडवा खोक्यात ठेवून ती गुंडाळायचं प्लास्टिक आणायला बाजारात गेली. परत आली, तर खोकं गायब.

"कुरिअरवाला घेऊन गेला ना," सासूबाई म्हणाल्या. देवकाबाईंच्या हातांना चिंचेचा वास येत होता.

"आई, तुम्ही गडवा घासला?"

"मंग? भोजराजनं वाचून दाखोलं मले, कधी न घासलेला म्हणून. पुण्यातले लोक काय म्हणतीन, या घरच्या बाया भांडे घासत नाहीत? चिंच लावली, राख लावली. आता तोंड दिसते त्यात."

चिंचेतलं आम्ल पितळेवरचा थर कसा उतरवतं, हे रुचिकानं कॉलेजात मुलांना शिकवलं होतं. तिथं हा प्रयोग इतका कधीच साधला नव्हता.

"आन् रिकामं भांडं कोणाच्या घरी धाडते का वो? घरचा चिन्नोर तांदूळ भरला गच्च. वरून फडकं बांधलं."

आठवड्यानं खोकं परत आलं. मागोमाग पुण्याहून फोन. "ताई, गडवा तर नवाकोरा निघाला, म्हणून परत पाठवलाय. पण त्या तांदळाचा भात लावला, तर वासानं शेजारी दारात आले. आणखी मिळेल का? लागेल तेवढा घेतो."

रुचिकाचं डोकं लगेच चाललं. भोजराज पहिलं पोतं पाठीवर घेऊन दारात उभाच होता.

"आणा आत," ती ऐटीत म्हणाली. "आता तांदूळ विकणार मी. खोली माझीच."

भोजराज पोत्यासकट उंबऱ्यातच थांबला.

तेवढ्यात देवकाबाईंनी खोकं उघडलं. गडव्यात डोकावल्या. मग तो उलटा करून खालून थापटला. काहीच पडलं नाही.

"रिकामाच धाडला," त्या म्हणाल्या. "अशा माणसाले मी एक दाणा देत नाही."

भोजराजनं पोतं खोलीत ठेवलं आणि शीळ घालत दुसरं आणायला गेला.