पुरावा परत मिळत नाही

"पूर्ण नाव?" खिडकीच्या आतून बाईंनी विचारलं.

काका गडबडले. ज्या बाईबरोबर इतकी वर्षं संसार केला, जिने आज सकाळीच डब्यात चमचा घालायला विसरलात म्हणून मागून हाक मारली होती, तिने आता चष्म्यावरून बघत नाव विचारावं म्हणजे काय!

"अगं, तुला माहीत नाही का?" काका हळूच म्हणाले.

"इथे अगंतुगं चालत नाही. पूर्ण नाव सांगा, मागे रांग आहे."

रांगेतली पोरंपोरी खिदळली. काकांनी मुकाट्याने पूर्ण नाव सांगितलं आणि घसा खाकरून विचारलं, "माझी फी सवलत का बंद झाली, हे जरा सांगाल का... तुम्ही?" लग्न झाल्यापासून बायकोला 'तुम्ही' म्हणायची ही त्यांची पहिलीच वेळ.

काका रिटायर्ड बसड्रायव्हर. रिटायर झाल्यावर चार महिने घरात बसून त्यांनी सगळ्या गळक्या नळांचे वॉशर बदलले, मग चांगल्या नळांचेही बदलले. तेव्हा बाईच म्हणाल्या, "अहो, कॉलेजात नाव घाला, नाहीतर घरात पाणी यायचं बंद होईल." बाई त्याच कॉलेजात फी सवलतीच्या खिडकीवर बसत. काकांनी दोन विषय घेतले, त्यातला एक भूगोल. आयुष्यभर एकाच रस्त्यावर बस पुढेमागे केलेल्या माणसाला शेवटच्या स्टॉपच्या पलीकडे काय काय आहे ते पहिल्यांदाच कळत होतं, आणि तो अक्षरशः हरखून गेला होता. जेवताना वाळवंटांबद्दल बोलायचा. झोपेत नद्यांची नावं घ्यायचा. हे सगळं चालू होतं ते फी सवलतीच्या जिवावर, कारण पेन्शनमधून फी भरणं शक्य नव्हतं. सवलत गेली की कॉलेज गेलं, आणि पुन्हा आहेतच ते नळ.

"प्रगती समाधानकारक नाही," बाईंनी कागदावरून वाचून दाखवलं. "घेतलेल्या विषयांपैकी निदान दोन-तृतीयांश विषय पास व्हावे लागतात. तुम्ही दोनापैकी एक पास आहात. भूगोलाला..." इथे बाई थबकल्या. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला. "गैरहजर?"

काका जमिनीकडे बघू लागले. परीक्षेच्या दिवशी घरी येऊन त्यांनी 'पेपर बरा गेला' असं सांगितलं होतं.

बाईंच्या चेहऱ्यावर दोन बायका भांडताना दिसल्या. एकीला तिथल्या तिथे नवऱ्याला फैलावर घ्यायचं होतं. दुसरी नोकरीत होती. नोकरीतली जिंकली.

"अपील करता येईल," त्या कोरड्या आवाजात म्हणाल्या. "गैरहजेरीचं कारण तुमच्या हाताबाहेरचं हवं. त्याचा पुरावा हवा. आणि पुन्हा असं होऊ नये म्हणून काय बदल केला, तेही लिहायचं. पुढचे या."

त्या संध्याकाळी बाईंनी घरी चकार शब्द काढला नाही. ऑफिसचं ऑफिसात हा त्यांचाच नियम. मात्र भांडी एरवीपेक्षा बऱ्याच जोरात आपटली जात होती. काका एका कोपऱ्यात बसून अपील लिहीत होते आणि दर ओळीला वर भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. कारण घोळ सगळा त्या घड्याळाचा होता.

ते घड्याळ बाईंनी लग्नानंतर लगेच वीस मिनिटं पुढे करून ठेवलं होतं, कुणाला उशीर होऊ नये म्हणून. घरात सगळ्यांना ते माहीत. त्यामुळे सगळे मनातल्या मनात वीस मिनिटं वजा करत आणि निवांत दुसरा चहा घेत. काका मात्र कायम कुरकुरत, "अगं, हे घड्याळ धडधडीत खोटं बोलतं. ड्रायव्हरच्या घरात असलं घड्याळ शोभतं का?" भूगोलाच्या पेपरच्या आदल्या रात्री बाईंना काय वाटलं कोण जाणे, नवऱ्याची परीक्षा, निदान आज तरी त्याच्या मनासारखं व्हावं, म्हणून त्यांनी स्टुलावर चढून घड्याळ बरोबर केलं. आणि सांगायचं विसरल्या.

सकाळी बाई लवकर कामावर गेल्या. जाताना बजावून गेल्या, "परीक्षेत मोबाइल चालत नाही, मनगटावरचं घड्याळही चालत नाही. दोन्ही कपाटात ठेवा." काकांनी ठेवली. मग भिंतीकडे पाहिलं, वीस मिनिटं वजा केली, आणि दुसरा चहा टाकला.

ते कॉलेजात पोचले तेव्हा वर्गाचं दार बंद झालेलं. आतल्या मास्तरांनी फटीतून सांगितलं, "वेळ म्हणजे वेळ, काका." हे वाक्य काकांनी स्वतः हजारो धावत्या प्रवाशांना ऐकवून बसचं दार लावलं होतं. घरी येऊन कपाटातलं घड्याळ भिंतीशी ताडून पाहिलं, तेव्हा त्यांना सगळा उलगडा झाला. पण बायकोने प्रेमाने केलेल्या गोष्टीमुळे आपला पेपर बुडाला, हे तिला सांगायचं कसं? त्यापेक्षा पेपर बरा गेला म्हटलेलं बरं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी खिडकीत अपील दिलं. बाईंनी वाचलं.

"'अचानक पोट बिघडलं.' डॉक्टरचं सर्टिफिकेट?"

"घरीच पडून होतो."

"तुमचं पोट त्या दिवशी ठणठणीत होतं. रात्री दोनदा वाढून घेतलंत. मी स्वतः साक्षीला आहे. नामंजूर. दुसरं कारण?"

"बस चुकली."

"कॉलेज घरापासून चालत अंतरावर आहे."

रांगेतली एक चष्मेवाली मुलगी कळवळून म्हणाली, "काका, खरं कारण लिहा ना. खोटं या बाई लगेच पकडतात. खूप खडूस आहेत."

"बाळ, मला सांगतेस?" काका म्हणाले.

शेवटी तिसऱ्या दिवशी काकांनी मन घट्ट केलं. खरं तेच लिहिलं. पुरावा म्हणून भिंतीवरचं घड्याळ काढलं आणि चादरीत गुंडाळून काखेत मारलं. गेटवर वॉचमनने ती टिकटिक ऐकली आणि चार पावलं मागे सरून तिथूनच ओरडला, "काका, जे काय असेल ते खाली ठेवा आणि लांब व्हा!" घड्याळ उघडून दाखवल्यावर त्याने त्यातली वेळ बघून आपलं घड्याळ लावून घेतलं, तेव्हा कुठे आत सोडलं.

खिडकीत घड्याळ मावेना. काकांनी ते उभं धरलं आणि अपील आत सरकवलं. बाईंनी वाचायला सुरुवात केली, आणि वाचता वाचता त्यांचा आवाज हळू होत गेला. "'...घरच्यांनी घड्याळ माझ्या प्रेमाखातर बरोबर केल्यामुळे मला उशीर झाला. त्यांचा दोष नाही. वजाबाकी माझी.'"

बाईंनी चष्मा काढून पुसला.

"मला सांगितलं का नाहीत?" त्या पुटपुटल्या.

"तुला वाईट वाटलं असतं."

"तुम्ही," बाई म्हणाल्या, पण त्यात जोर नव्हता. मग ताठ बसल्या. "यात घरच्या माणसाचा जबाब लागेल. लेखी. आणि घरच्या माणसाने या प्रकरणात खिडकीवर बसायचं नाही, असा नियम आहे. साहेब! जरा खिडकीवर या."

साहेब बिचारे चहात बिस्कीट बुडवत होते. ते तसेच येऊन बसले. बाई बाहेर आल्या, टोकन घेतलं आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभ्या राहिल्या. रांगेत इतकी शांतता पसरली की घड्याळाची टिकटिक सगळ्यांना ऐकू येत होती. बाईंचा नंबर आला.

"सही काळ्या शाईत आहे," साहेब म्हणाले. "निळी लागते."

"त्याने काय फरक पडतो?"

"तो तुमचाच नियम आहे, बाई."

बाई निळं पेन शोधून पुन्हा शेवटी उभ्या राहिल्या. परत आल्या तर तारीख राहिली होती. त्यानंतर झेरॉक्स राहिली होती. चष्मेवाली मुलगी आनंदाने नुसती थरथरत होती. चौथ्या खेपेला बाई काकांच्या कानाशी म्हणाल्या, "अहो, हे लोक किती छळतात!"

काकांनी काहीही न बोलण्याचं शहाणपण दाखवलं.

अखेर अपील मंजूर झालं. भूगोलाची फेरपरीक्षा द्यायची, पास झालात तर सवलत चालू, नाहीतर कायमची बंद. काका खुशीत घड्याळ उचलायला लागले तर साहेबांनी हात आडवा केला.

"पुरावा फाइलला लागला. पुरावा परत मिळत नाही."

हाही नियम बाईंचाच. फाइलमध्ये घड्याळ मावेना, म्हणून साहेबांनी ते ऑफिसच्या भिंतीवर टांगलं. घरच्या भिंतीवर एक गोल पांढरा डाग उरला. दोन दिवस दोघंही सवयीने त्या डागाकडे बघून किती वाजले ते ठरवत होते. फेरपरीक्षेच्या आदल्या संध्याकाळी काकांनी नवं घड्याळ आणलं, मिनिटाला मिनिट मिळवून बरोबर लावलं आणि झोपेत नद्या म्हणायला लागले.

सकाळी काका वेळेवर निघाले, वेळेवर पोचले. नकाशा आला, वाळवंटं आली, झोपेतल्या सगळ्या नद्या आल्या. शेवटचा प्रश्न लिहिताना त्यांना स्वतःलाच कळलं की आपण पास होणार, आणि या वयात त्यांचे डोळे भरून आले. पेपर देऊन ते ही बातमी सांगायला धावतच खिडकीपाशी गेले.

खिडकीत साहेब बसले होते. रांगेत, चष्मेवालीच्या मागे, हातात टोकन घेऊन बाई उभ्या होत्या. केस नीट विंचरलेले नव्हते.

"अगं, तू इकडे कशी?"

"उशीर झाला मला," बाई दातओठ खात म्हणाल्या. "नोकरी लागल्यापासून पहिल्यांदा. आणि सकाळपासून रांगेतली ही चौथी खेप. एकदा पेपर बुडाला म्हणून नवं घड्याळ तुम्ही पुढेच लावलं असेल असं वाटलं. वीस मिनिटं वजा केली, आणि दुसरा चहा टाकला. तुम्ही ते बरोबर लावलंत होय?"

काकांचा चेहरा पडला. "सांगायचं विसरलो."

तेवढ्यात बाईंचा नंबर आला. साहेबांनी कागद वाचला. "उशिराचं कारण हाताबाहेरचं. बरं. पुरावा?"

बाईंनी काकांची बाही धरली आणि त्यांना ओढून खिडकीसमोर उभं केलं.

"हे."

साहेबांनी काकांकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. "मूळ प्रत आहे का?"

"मूळच आहे. झेरॉक्स कुठून काढणार?"

"ठीक आहे. पण बाई, पुरावा परत मिळत नाही, तुम्हाला तर माहीतच आहे."

बाईंनी काकांकडे पाहिलं. काका आता हसू आवरत होते. पेपरची बातमी ओठांवर तशीच राहिली होती. मग बाईंनी काकांची बाही आणखी घट्ट धरली आणि नोकरीत पहिल्यांदाच खिडकीवर हात आपटून म्हणाल्या, "मग बदला तो नियम!"