टेंभेकर काकाजी आणि दुकानदाराच्या घरचा कॉम्प्युटर

टेंभेकर काकाजींनी कूलर घेतला तेव्हा आधी ते दुकानदाराच्या घरी जाऊन चहा पिऊन आले.

दुकानात ओळीने कूलर मांडले होते आणि दुकानदार एकेक सुरू करून हवा दाखवत होता. काकाजींचं तिकडे लक्षच नव्हतं. त्यांनी एवढंच विचारलं, "काय भैया, आपके घर में कौन सा चल रहा है?" दुकानदाराने एकावर हात ठेवला. मग काकाजी त्याच्या स्कूटरवर मागे बसले आणि त्याच्या घरी गेले. तिथे बैठकीत कूलरसमोर बसले, त्याच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी केली, चहा झाला, आणि परत येऊन तोच कूलर घेतला. दुकानदाराला हे सगळं कसं पटलं, हे मला बरेच दिवस कळत नव्हतं. पुढे मी स्वतः त्यांच्याबरोबर हिंडले तेव्हा कळलं. काकाजी इतक्या सहजपणे विचारतात की नाही म्हणणाऱ्यालाच आपण काही लपवतोय असं वाटायला लागतं.

"पहिले घर पाहू," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पाण्याचा फिल्टर घ्यायला गेले तेव्हा फिल्टरवाल्याच्या घरी त्यांना माठातलं पाणी मिळालं. ते पिऊन, धन्यवाद देऊन काकाजी बाजारातून माठच विकत घेऊन घरी आले. गादीवाल्याच्या घरी तर ते त्याच्या पलंगावर दुपारी थोडे आडवे झाले होते म्हणे. ही गोष्ट मी त्यांच्या सुनेकडून ऐकली. ती सांगताना तिने कपाळावर हात मारला होता, पण हसतही होती.

काकाजी आमच्या शेजारचे. माझ्या नवऱ्याची, सुनीलची, बँकेत अमरावतीहून जबलपूरला बदली झाली आणि आम्ही तिथल्या अधारताल भागात घर घेतलं, तेव्हा भिंतीपलीकडे हे निघाले. मूळचं घराणं विदर्भातलं, पण काकाजींचा जन्मही इथलाच. सगळी नोकरी इथल्या एका कारखान्यात, तपासणी खात्यात. आलेल्या मालाबरोबरचा कागद कधी खराब नसतो, माल पाहावा लागतो, असं ते सांगत. काकू आम्ही येण्याच्या आधीच गेल्या होत्या. घरी मुलगा, कटनीकडची सून आणि शाळेत जाणारी दोन नातवंडं. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात चष्म्याचं घर आणि हातात बारा महिने छत्री. ऊन, पाऊस आणि कुत्री अशी तिन्ही कामं ती करते.

मी अमरावतीला शाळेत शिकवत होते. बदलीमुळे ती नोकरी सुटली. इथे ओळख ना पाळख. सुनील बँकेत गेला की दिवसभर घरात मी आणि स्वयंपाकघराची खिडकी. अशात नागपूरच्या एका प्रकाशकाकडून विचारणा आली. लहान मुलांच्या हिंदी गोष्टींची पुस्तकं मराठीत करायची होती. पहिलं पुस्तक महिन्याअखेर द्यायचं, आवडलं तर पुढचं काम कायम. मी हो म्हटलं, आणि त्याच आठवड्यात आमचा जुना कॉम्प्युटर धूर सोडून बंद पडला.

दुरुस्तीवाल्याने तो उघडून पाहिला आणि पुन्हा बंद केला. नवा घ्या म्हणाला.

लॅपटॉपवर वाकून टाइप केलं की माझी मान धरते, म्हणून टेबलावरचाच हवा होता. सुनील म्हणाला, त्यात काय, ऑनलाइन मागवू, चार दिवसांत दारात. आम्ही अंगणात बसून मोबाइलवर कॉम्प्युटर पाहत होतो आणि भिंतीपलीकडे काकाजी तुळशीला पाणी घालत होते. त्यांचा हात थांबला.

"न पाहता घेऊन राहिले?" त्यांनी विचारलं.

सुनीलने समजावलं की खाली लोकांचे अभिप्राय असतात, शेकडो लोकांनी लिहिलेले. काकाजींनी ते सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं की यांच्यातल्या एकाच्या तरी घरी आपल्याला जाता येईल का. सुनीलने मोबाइल खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी सुनील बँकेत गेल्यावर काकाजी छत्री घेऊन फाटकात उभे. "चल वर्षा बेटा. पहिले घर पाहू."

पहिलं दुकान आमच्याच मोठ्या रस्त्यावर होतं. दुकानदार तरुण होता, हुशार होता. सुटे भाग जोडून बनवलेला घ्यावा की कंपनीचा तयार घ्यावा, हे त्याने मला नीट समजावलं. मला त्याचा एक कॉम्प्युटर पसंतही पडला. मग काकाजींनी आपला प्रश्न विचारला. तो म्हणाला, "घर पे तो अंकल, लैपटॉप है." काकाजी उठले. बाहेर आल्यावर म्हणाले की हलवाई स्वतः घरी बिस्किटं खात असेल तर आपण त्याची जिलबी काहून घ्यावी.

दुसरं दुकान म्हणजे कंपनीची मोठी शोरूम. तिथे इतकं गार होतं की काकाजींनी शर्टाचं वरचं बटण लावून घेतलं. माल दाखवणारी मुलगी पाठ केल्यासारखं बोलत होती. घरी कोणता आहे विचारल्यावर ती गडबडली आणि खालच्या आवाजात म्हणाली की तिच्याकडे कॉम्प्युटरच नाही, ती घरी फोनवरच अभ्यास करते. मग पुढचा सगळा वेळ काकाजींनी तिच्या परीक्षेची चौकशी करण्यात घालवला. निघताना तिने आम्हाला कंपनीचं एक चकचकीत माहितीपत्रक दिलं आणि काकाजींना नमस्कार केला. कॉम्प्युटर राहिला.

असे आम्ही हिंडत राहिलो. एका दुकानदाराने घरी नेलं तर त्याच्या कॉम्प्युटरवर विणलेलं झाकण, झाकणावर गणपती आणि गणपतीपुढे उदबत्तीची राख. कॉम्प्युटर चालतो की नाही ते कळलं नाही, कारण गणपती हलवायला कोणी तयार नव्हतं. एक जण घर फार लांब आहे म्हणाला. काकाजी म्हणाले, आम्हाला वेळ आहे.

वेळ मला नव्हता. मी वहीत हाताने भाषांतर करत होते आणि महिना सरत होता. सुनील रोज संध्याकाळी विचारायचा, "आज कोणाकडे चहा झाला?" एक दिवस तर जवळच्या शहपुरा गावाला जाणं निघालं. तिथे काकाजींच्या ओळखीचे एक मास्तर होते आणि त्यांचा कॉम्प्युटर वर्षानुवर्षं चालू होता, तो पाहायचा होता. बसमध्ये खिडकीची जागा मला देऊन काकाजी जे बोलायला लागले ते शहपुरा येईपर्यंत थांबले नाहीत. शेतात काही दिसलं की विचारायचे, "तुमच्या अमरावतीकडे याले काय म्हणते?" मी सांगितलं की तो शब्द दोनदा स्वतःशी म्हणून बघायचे आणि मग आपला सांगायचे. मास्तरांचा कॉम्प्युटर चांगला होता, पण तो जिथे घेतला ते दुकान केव्हाच बंद झालं होतं. येताना आम्ही दोन कलिंगडं घेऊन आलो.

त्या रात्री मी सुनीलला म्हटलं, उद्या मागवून टाक. सकाळी तो पैसे भरायला बसला आणि फाटकापाशी ऑटो येऊन थांबली. आत काकाजी. म्हणाले, एकच राहिला आहे. या दुकानदाराचं घर दुकानाच्याच वर आहे, त्यामुळे फार वेळ लागायचा नाही. सुनीलने माझ्याकडे पाहिलं. मी चपला घातल्या.

हा दुकानदार पन्नाशीचा, कमी बोलणारा. घरी कॉम्प्युटर आहे का, तर म्हणाला आहे. पाहू का, तर त्याने आधी जिन्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "चलिए, पर हँसिएगा मत."

जिना चढून वर गेलो. टेबलावर कॉम्प्युटर होता, त्याच्या खोक्याची एक बाजू काढून ठेवलेली आणि समोर स्टुलावर घरातला टेबलफॅन त्याला वारा घालत होता. त्याची बायको म्हणाली की उन्हाळाभर आम्ही उकाड्यात बसतो आणि पंखा याला असतो. दुकानदार ओशाळून सांगू लागला. जबलपूरच्या उन्हाळ्यात खोकं आतून तापतं, आधीच आत एक जादा पंखा बसवून घेतला असता तर ही वेळ आली नसती. गिऱ्हाइकांना तो हे सांगतो, पण चार पैसे वाचतात म्हणून कोणी ऐकत नाही, आणि आपल्या घरच्यासाठी त्याने स्वतःही ऐकलं नव्हतं.

काकाजींनी त्या टेबलफॅनकडे बराच वेळ पाहिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "इथं घे, बेटा. हा माणूस आपली चूक दाखवून राहिला."

दुकानदाराने माझ्यासमोर सगळे भाग जोडले, आत जादा पंखा बसवला, वीज गेली तरी लिहिलेलं जाऊ नये म्हणून यूपीएस दिला, आणि संध्याकाळी स्वतः घरी येऊन सगळं लावून गेला. काकाजींच्या घरून समोसे आले. सुनीलने खोक्याला कान लावून पंख्याचा आवाज ऐकला आणि मान्य केलं की ऑनलाइनवाल्यांनी एवढं सांगितलं नसतं.

पुस्तक वेळेत होईल असं दिसू लागलं. वहीत होतंच, टाइप करायचं राहिलं होतं. काकाजी रोज दुपारी चहा झाला की येऊन खुर्चीत बसायचे. मशीन पाहायला आलो म्हणायचे. मी टाइप केलेलं मोठ्याने वाचायची आणि ते डोळे मिटून ऐकायचे. कुठे खटकलं तर थांबवायचे नाहीत, फक्त एक डोळा उघडायचे.

शेवटची गोष्ट एका कासवाची होती. बाहेर उजेड कमी होत होता. मी वाचलं, "संध्याकाळ झाली आणि कासव घराकडे निघालं." काकाजींनी दोन्ही डोळे उघडले.

"दिवेलागण झाली," ते म्हणाले. "तसं लिही."

मला शब्द आवडला. मी तो टाइप केला आणि मागे पाहिलं तर काकाजी पडद्याकडे पाहत होते, त्या एका शब्दाकडे.

"आमची ही म्हणायची," ते म्हणाले. "मी कारखान्यातून निघून कुठं गप्पा मारत बसलो तर दुसऱ्या दिवशी ऐकावं लागे. दिवेलागणीच्या आत घरी येत जा. ती गेल्यापासून हा शब्द कोणी म्हटला नव्हता."

मी खुर्ची त्यांच्याकडे वळवली. ते आपलं आपण सांगत गेले. पोरगा चांगला आहे, सून तर त्याच्याहून चांगली आहे. नातवंडं जीव लावतात. पण घरात सगळं हिंदीत चालतं. मुलाला मराठी समजते, पण उत्तर हिंदीतच येतं. नातवंडांना गंमत वाटते, आजोबा काही बोलले की हसतात. त्यांचा काही दोष नाही. नाश्ता, औषध, वर्तमानपत्र, सगळ्याचं बोलणं होतं, दिवस जातो. "पण मनातलं काही निघालं की ते मराठीतच निघते," ते म्हणाले, "अन् मग वाटते, जाऊ दे, कोणाले सांगू."

जरा वेळाने त्यांनी छत्री हातात घेतली, पण उठले नाहीत. "एक सांगतो, रागावू नको. त्या पहिल्या पोराच्या दुकानातला कॉम्प्युटर बी चांगलाच होता. मले तवाच समजलं होतं. पण तो घेतला असता तर आपलं हिंडणं त्याच दिवशी संपलं असतं."

मला राग आला नाही. उलट इतक्या दिवसांत मला काय काय मिळालं ते एकदम डोळ्यांसमोर आलं. या शहरात मला आता वरच्या मजल्यावर चहाला बोलावणारी माणसं होती. शोरूममधली ती मुलगी रस्त्यात भेटली की थांबून बोलायची. कुठल्या ऑटोवाल्याशी किती घासाघीस करायची ते मला येत होतं. आणि भिंतीपलीकडे एक माणूस होता ज्याला माझ्या भाषेतले शब्द माझ्यापेक्षा जास्त हवे होते. जबलपूर मला काकाजींनी दाखवलं, एकेका घरातून. ते सुनीलच्या मोबाइलवरून आलं नसतं.

हे सगळं त्यांना सांगायला हवं होतं. मी फक्त म्हटलं, "काकाजी, एक प्रिंटरही घ्यायचा आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग चष्मा काढून खिशातल्या चष्म्याच्या घरात ठेवला, पुन्हा काढला आणि नाकावर चढवला. प्रिंटर म्हणजे मोठी अडचणीची वस्तू असते, ते म्हणाले. शाई वाळते, कागद अडकतो. बऱ्याच ठिकाणी चौकशी करावी लागेल.

नागपूरच्या प्रकाशकाला पुस्तक आवडलं आणि पुढची दोन आली. फोनवर त्यांनी दिवेलागण या शब्दाचं खास कौतुक केलं. मी ते काकाजींना जसंच्या तसं सांगितलं, तेव्हा ते अंगणात उठून उभेच राहिले आणि सुनेला हाक मारून तिला हिंदीत त्या शब्दाचा अर्थ समजावू लागले. ती हातातली कणीक तशीच ठेवून ऐकत होती. तिने तो शब्द एकदा म्हणून पाहिला. जरा वेगळाच झाला, पण काकाजींनी दुरुस्त केला नाही.

प्रिंटर अजून घेतलेला नाही. परवा भेडाघाटच्या रस्त्यावरचा एक जण पाहून आलो. त्याच्या घरचा प्रिंटर उत्तम आहे, पण काकाजी म्हणतात, अजून एक-दोन घरं पाहायला हरकत नाही. माझीही नाही.