नऊ वाजून सात मिनिटांनी आटणारा समुद्र

"कौसर, लिहून ठेव! जगातली सगळ्यात सुरक्षित तिजोरी म्हणजे ऑक्टोपसचं मडकं!"

सफाकस शहरातल्या विद्यापीठात समुद्रविज्ञान शिकवणारे डॉ. लसाद मनीफ हे बोलले तेव्हा ते करकना बेटाजवळ होडीत उभे होते. एका हातात मडकं, दुसऱ्या हातात दाबमापक नळी, आणि चेहऱ्यावर नुकतंच साम्राज्य जिंकल्याचा भाव. त्यांची संशोधक विद्यार्थिनी कौसर हिच्या हातात वही होती आणि चेहऱ्यावर भाव नव्हता. समुद्रापासून दूरच्या कैरवानची मुलगी. समुद्र पाहिला तोच अठराव्या वर्षी, त्यामुळे समुद्राबद्दल तिचं मत अजून बनायचं होतं.

नळीचं काम साधं. तळाशी पडून राहायचं आणि डोक्यावर किती पाणी आहे ते दर मिनिटाला नोंदवायचं. पण लसादसाहेबांची पहिली नळी चोरीला गेली होती. दुसरी एका कॅफेत दार उघडं ठेवायला लावलेली सापडली, आणि मालक ती परत करेना! म्हणून ही तिसरी मडक्यात.

"इथले कोळी तळाशी मडकी सोडतात," साहेब म्हणाले. "ऑक्टोपसला वाटतं, फुकट घर मिळालं. शिरतो आत. पण दुसऱ्याच्या मडक्याला या बेटावर कुणी हात लावत नाही. घर फोडणारा सापडेल, मडकं फोडणारा सापडणार नाही! मी बेटाचा जावई आहे, मला कळत नाही होय?"

"पण सर, हे मडकं नेमकं कुणाचं?"

"विज्ञानाचं!"

आणि विज्ञानाचं मडकं बुडुक करून तळाशी गेलं. दिवस शुक्रवारचा होता. शुक्रवारी साहेबांना तास नसत, म्हणून त्यांचं समुद्रावरचं संशोधन शुक्रवारीच चाले.

आता या मडक्यावर काय टांगलेलं होतं ते सांगायला हवं. साहेबांचं प्राध्यापकपद! या पदासाठी ते दोनदा राजधानी ट्युनिसच्या समितीपुढे उभे राहिले होते. पहिल्या खेपेला समितीने विचारलं, "यात नवीन काय?" दुसऱ्या खेपेला तेही विचारलं नाही. नियमाने तीनच संधी. तिसरीही हुकली की निवृत्तीपर्यंत आहे त्या खुर्चीत, समोरच्या खोलीत बसणाऱ्या प्राध्यापकाला रोज सलाम करत. आणि समोरचा प्राध्यापक हा साहेबांचाच विद्यार्थी! पोरगा सुस्वभावी होता. भेटला की अदबीने वाकायचा, आणि साहेबांचं पित्त त्या वाकण्यानेच खवळायचं.

बेचाळीस दिवसांनी, अर्थात शुक्रवारीच, दोघं मडकं काढायला गेले. ठेवल्या जागी मडकं नव्हतं. शंभर पावलं पलीकडे सापडलं.

"प्रवाह!" साहेब खुशीत म्हणाले. "किती जोरदार प्रवाह आहे बघ!"

"प्रवाहाविरुद्ध सरकलंय, सर."

"मग उलटा प्रवाह!"

आकडे उतरवून घेतले, नळी पुन्हा मडक्यात, मडकं पुन्हा पाण्यात. घरी जाऊन साहेबांनी आलेख काढला आणि खुर्चीतून उठले. बसले. पुन्हा उठले. रोज सकाळी नऊ वाजून सात मिनिटांनी नळीवरचं पाणी शून्य! आठ मिनिटं समुद्र गायब! मग पुन्हा दोन-अडीच मीटर पाणी, जणू काही झालंच नाही.

"सर, कुणीतरी नळी वर काढत असेल," कौसर म्हणाली.

"अगं, मडक्याला हात लावत नाहीत इथे! सांगितलं ना!"

"भरती-ओहोटी रोज पाऊण तास पुढे सरकते. हा समुद्र घड्याळ बघून आटतोय."

"तेच तर नवीन आहे!" साहेब गरजले. आणि 'नवीन' हा शब्द त्यांनी आलेखावर ठळक अक्षरांत लिहिला.

"आणि शुक्रवारी आटत नाही."

साहेब थबकले. शुक्रवार खरंच अडचणीचा होता. दोन दिवस त्यांनी जेवणाकडे लक्ष दिलं नाही. तिसऱ्या दिवशी मासळी घातलेल्या कुसकुसच्या ताटावर बसल्या बसल्या उत्तर सापडलं: समुद्रात ताण साठायला सात दिवस लागतात, सहा दिवस तो सुटतो आणि सातव्या दिवशी समुद्र दम खातो. या दम खाण्यासाठी त्यांनी दीड पानाचं समीकरण मांडलं. समीकरण इतकं अवघड होतं की ते चूक आहे असं म्हणायची कुणाची छाती होईना.

लेख समितीकडे गेला. लेखाची बातमी अधिष्ठात्यांकडे गेली, अधिष्ठात्यांकडून त्यांच्या मेहुण्याकडे, आणि मेहुणा नभोवाणीवर होता. दुसऱ्या दिवशी सगळा सफाकस बोलत होता: समुद्र आठ मिनिटं जातो! गेलेला समुद्र परत येतो तेव्हा काय करतो, हे लोकांनी आपापल्या मगदुराप्रमाणे ठरवलं. नऊच्या फेरीबोटीचा कप्तान म्हणाला, "मी साडेनवाला सोडतो, मला चार मुलं आहेत." बेटावरच्या शाळेने नऊ ते सव्वानऊ गच्चीवर कवायत ठेवली. साहेबांच्या सासूबाईंचा फोन आला, "जावईबापू, समुद्र जाणार असेल तर गालिचे धुऊन वाळत घालू का तिथे?"

आणि ट्युनिसहून पत्र आलं. समिती प्रत्यक्ष पाहायला येतेय. बुधवारी.

"बुधवार! आटण्याचा दिवस!" साहेब आनंदले.

"सर," कौसर हळूच म्हणाली, "आपण एकदा तरी बुधवारी जाऊन बघूया का? ते यायच्या आधी?"

"बुधवारी माझे तास असतात!"

तर बुधवारी पावणेनऊला विद्यापीठाची बोट त्या जागी उभी होती. समितीच्या अध्यक्षा राबिआ मॅडम टोकाला बसल्या होत्या, हातात घड्याळ. बारीक चणीची, साठीची बाई. बोलायची कमी, पण बोलली की समोरच्याला आपलं नाव आठवेनासं व्हायचं. दुसऱ्या सदस्याने एकावर एक दोन तरंगजाकिटं चढवली होती. तिसऱ्याला बोट लागली होती, त्यामुळे समुद्र लवकर आटावा अशी मनापासून इच्छा एकट्या त्याचीच होती.

नऊ वाजले. नऊ वाजून पाच. समुद्र ताटात ओतलेल्या तेलासारखा शांत.

नऊ वाजून सहा मिनिटांनी एक शिडाची होडी आली. होडीत एक म्हातारा, डोक्यावर लोकरीची लाल टोपी. त्याने बोटीकडे पाहून हात केला, अंगावरचं जाकीट नीट घडी घालून ठेवलं, दोर धरला आणि ओढू लागला.

दोराच्या टोकाला मडकं होतं. विज्ञानाचं!

साहेबांच्या पायाखालची बोट सरकली. ते दोन पावलं मागे गेले, आणखी दोन पावलं गेले, आणि मग बोटीच्या केबिनचं दार आतून लागल्याचा आवाज आला.

"आजोबा, काय करताय?" राबिआ मॅडमनी विचारलं.

"माझं काम!" म्हातारा म्हणाला. "मी हाज मिलाद. हा समुद्र माझा आहे."

"सगळा?"

"सगळा कशाला? त्या पाण्यातल्या खजुराच्या झापांच्या कुंपणापासून त्या काठीपर्यंत. बापाचा होता, त्याच्या बापाचा होता. दस्तऐवज आहे घरी, दाखवतो." त्याने मडक्यातून सावकाश नळी उपसायला सुरुवात केली. "माझ्या पट्ट्यात कुणीतरी हे मडकं टाकून गेलंय. म्हटलं असेल कुणी गरजू, मागायला लाजला असेल. दुसऱ्याच्या मडक्यातलं आपण घेत नाही. पण ऑक्टोपस आत सडू द्यायचा का? पाप लागेल! म्हणून रोज उचलतो, आतला ऑक्टोपस काढून त्याच्या नावाने वाळत घालतो. ही लोखंडी आतडी काढता-घालताना जीव जातो बघा. आठ मिनिटं मोडतात!"

कौसरने वहीत काहीतरी लिहिलं. अगदी खाली मान घालून.

"आणि शुक्रवारी?" मॅडमनी विचारलं.

"शुक्रवारी नमाज, मग लेकीकडे जेवण. शुक्रवारी ऑक्टोपसलाही सुट्टी!"

दोन जाकिटंवाल्या सदस्याने दोन्ही जाकिटं काढली. मॅडमनी कौसरच्या वहीतले आकडे पाहिले. मग त्यांचा आवाज जरा मऊ झाला.

"म्हणजे रोज आठ मिनिटं सोडली, तर बाकीची मोजमापं खरीच आहेत. बेचाळीस दिवसांची, सलग. एवढी चांगली नोंद या आखातातून माझ्याकडे अजून आलेली नाही. यावरून भरतीचा नवा हिशेब मांडता येईल."

केबिनचं दार दोन बोटं उघडलं. फटीत एक डोळा दिसला. डोळ्यात प्राध्यापकपद चमकत होतं.

"एकच प्रश्न, हाजसाहेब," मॅडम म्हणाल्या. "मडकं रोज परत त्याच जागी ठेवत होतात ना?"

हाज मिलादच्या कपाळावर आठ्या पडल्या. पन्नास वर्षांच्या धंद्यात त्याचा असा अपमान झाला नव्हता.

"त्याच जागी? बाई, मी काय नवशिका आहे? ऑक्टोपस आज इथे, उद्या तिथे! कधी खोल, कधी उथळ. रोज वारा बघून जागा बदलतो! या गरिबाच्या मडक्यासाठी तर सगळ्यात चांगली जागा शोधत होतो!"

दार बंद झालं. या वेळी अगदी हळू, आवाज न करता.

"पण मालक कोण, तेच कळेना," हाज बोटीला होडी लावत म्हणाला. "दोरीभर ऑक्टोपस वाळलेत घरी. कुणाला देऊ? तुमच्यापैकी कुणाचं आहे का हे?"

कौसरने केबिनकडे पाहिलं. मॅडमनी नळीवर बारीक अक्षरांत कोरलेलं विद्यापीठाचं नाव वाचलं आणि मग केबिनकडे पाहिलं. आजारी सदस्यानेही, जमेल तसं, केबिनकडे पाहिलं.

"आत कोण दडलंय?" हाजने काचेला नाक लावलं आणि त्याचा चेहरा उजळला. "अरे! हे तर आपल्या बेटाचे जावई! जावईबापू, बाहेर या की! सांगायचं नाही होय? संसारात ओढाताण असते, त्यात लाज कसली? चला घरी, तुमचेच ऑक्टोपस आहेत!"

सगळे गेले. हाजच्या बायकोने वाळवलेले ऑक्टोपस तिखटजाळ रश्शात शिजवले. समिती दोनदा वाढून घेऊन जेवली, आजारी सदस्य तीनदा. जावईबापूंना पुढ्यात बसवून आग्रह करकरून वाढलं, आणि निघताना हाजने त्यांच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं की पोरा, मडकं राहू दे, अडचण मिटेपर्यंत मी बघतो.

समितीचा अहवाल पंधरा दिवसांनी आला. साहेबांनी तो कौसरला वाचायला दिला, कारण त्यांचा चष्मा सापडत नव्हता. तो त्यांच्या डोळ्यांवरच होता. कौसरने वाचला. दोनच वाक्यं होती.

"प्रत्यक्ष पाहणीच्या दिवशी सकाळी नऊ वाजून सात मिनिटांनी समुद्र आपल्या जागी होता. उमेदवार नव्हता."