साटमांची वस्तू

आमच्या शेजारचे साटम एस.टी.ला ज्या बारकाईने शिव्या देत, त्या बारकाईने एस.टी.चे अधिकारीसुद्धा गाडी तपासत नसतील. गावाहून परतले की गॅलरीत उभे राहून सुरू करायचे. "काय सांगू सेक्रेटरीसाहेब, मागचं चाक नेमकं माझ्या सीटखाली. माणगावचा चहा म्हणजे नुसतं गरम पाणी. कशेडी घाटात पंक्चर. शेजारी एक म्हातारी, तिच्या पाटीत कोंबडा, तो चिपळूणपासून माझ्या कानात आरवत आला. कंबरडं मोडलं बघा." आणि कंबर धरून चार पावलं चालून दाखवायचे. चाल अगदी हुबेहूब असायची. फक्त साटम त्या गाडीत नसायचे. कित्येक वर्षांत ते मुंबई-रत्नागिरी एस.टी.च्या पायरीवरसुद्धा चढले नव्हते. साटमांच्या मालकीचं एक विमान होतं आणि गावी ते त्यातून जात.

विमान म्हटल्यावर डोळ्यांपुढे जे येतं ते येऊ देऊ नका. दोन माणसं गुडघे आवरून बसतील एवढी जागा, पुढे एक पंखा, आणि दार लावताना जुन्या फियाटसारखा आवाज. पण विमान ते विमान. आमच्या अंधेरीच्या सोसायटीत फ्रीज घेतला तर तो स्वयंपाकघरात न ठेवता दिवाणखान्यात, पाहुण्यांच्या तोंडासमोर ठेवतात. तळमजल्यावरचे एक गृहस्थ कधीकाळी दुबईला जाऊन आले. त्यांच्या बॅगेवरचं विमान कंपनीचं लेबल अजून निघालेलं नाही आणि बॅग माळ्यावर ठेवायची तर लेबलाची बाजू बाहेर येते. अशा इमारतीत साटम आपलं विमान लपवत होते, एखाद्याने जुगाराचा नाद लपवावा तसं. विमान हा शब्दसुद्धा ते उच्चारत नसत. 'वस्तू' म्हणत.

मला पत्ता लागला तो योगायोगाने. भाचीच्या स्थळाची चौकशी करायला एका रविवारी मी जुहूच्या विमानतळावर गेलो होतो. मुलाचे वडील तिथल्या कचेरीत होते. परत निघालो तर एका शेडच्या सावलीत बनियन आणि अर्ध्या चड्डीतले साटम. शेजारी बादली, हातात फडकं, आणि समोर ते पांढरं, ठेंगणं विमान. मला पाहिल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे भाव आले ते मी एरवी फक्त देशी बारच्या दारात ओळखीची माणसं भेटल्यावर पाहिले आहेत.

"काय करताय साटम?"

"धुतोय."

"कोणाचं आहे?"

त्यांनी चाकावरून एकदा फडकं फिरवलं. "आपलंच," ते म्हणाले. "आपलं उगाच, घेतलं."

'आपलं उगाच' हा त्यांचा पालुपदासारखा शब्द. मरोळला त्यांची शेड होती आणि तिथे स्टोव्हच्या पिना तयार होत. पत्र्याची पट्टी आणि टोकाला बारीक तार, बाकी काही नाही. पण गॅस न पोचलेल्या हजारो घरांतला स्टोव्ह त्या तारेवाचून पेटत नसे, आणि ती तार दर आठवड्याला मोडत असे. त्या धंद्याबद्दलही ते म्हणत, "आपलं उगाच, करतो काहीतरी." तरुणपणी ते याच विमानतळावर विमानं पुसायच्या कामाला होते. ज्या पारशी म्हाताऱ्याचं हे विमान पुसायचे, त्यानेच त्यांना हौसेने उडवायला शिकवलं, आणि मुलीकडे परदेशी कायमचा जायला निघाला तेव्हा, "पुसलं तू, आता ठेव पण तूच," म्हणून विकलंही.

"बिल्डिंगमध्ये बोलू नका," साटम म्हणाले. मी कबूल केलं. तरी त्यांचं समाधान होईना. शेवटी त्यांनी मला शेजारी बसवलं आणि वर नेऊन आणलं. माझ्या आयुष्यात मला मिळालेली ही एकमेव लाच. वर गेल्यावर माणसाचं मन विशाल होतं वगैरे मी वाचलेलं होतं. साटम मात्र खाली बोट दाखवून म्हणाले, "ती बघा आपली बिल्डिंग. टाकीवर झाकण नाही."

पुढच्या सभेत त्यांनी तो विषय काढला. गच्चीच्या किल्ल्या माझ्याकडे आणि टाकीला शिडी नाही. तेव्हा दुबईवाल्यांनी विचारलं, "तुम्हाला कसं कळलं हो, झाकण नाही ते?"

साटमांनी माझ्याकडे पाहिलं, छताकडे पाहिलं. "कावळ्यांवरून," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"आतून ओले होऊन येतात."

ठराव पास झाला.

रविवारच्या या गायब होण्याचा इमारतीने आपल्या परीने अर्थ लावला होता. साटमांचं जुहूला दुसरं घर आहे, हे तर सगळ्यांना ठाऊकच होतं. मतभेद होता तो बाई कोण यावर. मी एकदा साटमवहिनींना म्हटलं, हा गैरसमज तरी दूर करा. त्या तांदूळ निवडत होत्या. "कशाला?" त्या म्हणाल्या. "आता बायका येऊन माझ्यासाठी हळहळतात तरी. कालवण आणून देतात. विमान आहे म्हटलं तर बोलायच्या बंद होतील."

यापेक्षा पुढची गोष्ट अजब होती. साटम सकाळी जुहूहून निघत आणि सव्वा तासात रत्नागिरीच्या धावपट्टीवर उतरत. तिथे कोणी विचारलं तर सांगत, "विमान शेठचं आहे. मी ड्रायव्हर." मग एस.टी.च्या स्टँडवर जाऊन कँटीनमध्ये बसत. मुंबईची सकाळची गाडी संध्याकाळी येई. तोवर साटम तिथेच. गाडी आली की उतारूंना विचारून घेत: कुठे थांबली, काय बिघडलं, चहा कसा होता, कोंबडा कुणाचा होता. एवढा माल गोळा झाला की त्या उतारूंच्या घोळक्यातून गावच्या गाडीत बसत. एस.टी.च्या आधी गावात पोचले असते तर प्रश्न आला असता. म्हणजे विमान घेऊन या माणसाने आयुष्यातला एक तासही वाचवला नव्हता. उलट डोळ्यांपुढे रिकामं आकाश सोडून तो दिवसभर कँटीनच्या भज्यांच्या वासात बसे.

"आणि घरी गेल्यावर?" मी विचारलं.

"आई ऊन पाणी ठेवते. म्हणते, दिवसभर आदळून आलास, पालथा पड. मग पाठीला तेल लावते."

"तुम्ही लावून घेता?"

"काय करणार? दुखतंय म्हणून सांगितलेलं असतं. ऐंशीच्या घरात आहे हो ती. बोटं वाकडी झालीत. मी आपला पालथा पडून लाजत असतो."

हे सगळं एका माणसापायी चाललं होतं. दादा, म्हणजे साटमांचे थोरले भाऊ. दादांनी लालबागच्या गिरणीत मागावर उभं राहून धाकट्याला टेक्निकल शाळेत शिकवलं. स्वतः एका खोलीत दहाबारा गाववाल्यांबरोबर पाळीपाळीने झोपले, पण भावाच्या फीला उशीर होऊ दिला नाही. मग गिरण्यांचा संप आला, लांबला, आणि दादांची गिरणी पुन्हा उघडली नाही. साटमांनी मरोळला या म्हणून विनवलं. "धाकट्याच्या हाताखाली नको," असं म्हणून दादा कांदिवलीच्या एका सोसायटीत वॉचमन झाले.

"संप सुरू झाला त्याच महिन्यात वस्तू ताब्यात आली," साटम मला म्हणाले. "इसार आधीच दिला होता. दादा घरी बसलेला आणि मी कुठल्या तोंडाने सांगू? म्हटलं संप मिटला की सांगू. तो मिटेना. आता सांगायचं तर इतकी वर्षं का नाही सांगितलं, ते आधी सांगावं लागेल."

मी त्यांना विकून टाका म्हटलं. त्यांनी एकदा गिऱ्हाईकही आणलं होतं. त्याने पंखावर थाप मारली, ती साटमांना आवडली नाही.

थंडीतल्या एका सकाळी साटमांच्या घरातून आवाज आले. दार उघडं होतं. आत दादा उभे होते. ड्यूटीवरून थेट आलेले, अंगावर खाकी शर्ट, खिशावर सोसायटीचं नाव शिवलेलं. दोघा भावांच्या हातात सारखीच तार होती. आई अत्यवस्थ, लगेच निघा.

"बाळ्या, सकाळची गाडी मिळेल ना रे?" दादा म्हणाले.

साटम दादांच्या खाकी शर्टाकडे बघत होते. मी गॅलरीकडे बघून म्हणालो, "साटम, आज आभाळ अगदी स्वच्छ आहे."

"हो," साटम म्हणाले. "थंडी आहे."

दादा गॅलरीत आले आणि त्यांनीही वर पाहिलं. "ढग नाही एक पण," ते म्हणाले, आणि धाकट्याकडे बघत उभे राहिले. वहिनी स्वयंपाकघराच्या दारातून नुसतं "अहो" म्हणाल्या.

साटमांनी पिशवी उचलली. "चल दादा. उशीर झाला तर बसायला जागा नाही मिळायची."

ते तेरावं करून परतले. गॅलरीत आले, कठड्याला टेकले. म्हणाले, "गाडी वेळेवर पोचली. पंक्चर नाही, काही नाही. चहापण बरा होता."

"दिवेलागणीला पोचलो. शेजारची काकी म्हणाली, दुपारपर्यंत बोलत होती रे. दोघांची नावं घेत होती. ऊन कललं आणि जीभ जड झाली. आम्ही गेलो तेव्हा डोळे उघडे होते. ओळखलं की नाही, कोणास ठाऊक. पहाटे गेली."

खाली कोणाची तरी स्कूटर सुरू होत नव्हती. ती सुरू होईपर्यंत साटम तिकडेच बघत होते.

"निघायच्या आदल्या दिवशी दादा अंगणात बसला होता. मला म्हणाला, तुझ्या विमानाला किती वेळ लागतो रे?"

"त्यांना ठाऊक होतं?"

"पहिल्यापासून. एकदा मरोळच्या शेडवर आला होता, तिथल्या माणसाने जुहूला पाठवला. कुंपणाबाहेरून मला धुताना बघितलं आणि तसाच परत गेला. वाट बघत राहिला, मी सांगेन म्हणून."

"मग त्या सकाळी बोलले का नाहीत?"

"मी तेच विचारलं. म्हणाला, विमान तुझं. मी कसं म्हणू, काढ म्हणून? तू सारखा माझ्या खाकी शर्टाकडे बघत होतास. तुला माझी एवढी लाज वाटते हे मला ठाऊक नव्हतं." साटमांनी कठडा दोन्ही हातांनी धरला. "माझी मला लाज वाटत होती हो. त्याची नाही. पण हे सांगायला तोंड उघडलं आणि शब्दच येईना. तुम्ही चला माझ्याबरोबर. तुम्हाला बोलता येतं."

रिक्षातून कांदिवलीला जाताना मी बोलायचं मनात जुळवत होतो. गैरसमज, रक्ताचं नातं, मोठ्यांचं मन, असं बरंच काही जमलं होतं. श्रद्धांजलीच्या सभांतून मी ज्या वाक्यांना मनातल्या मनात हसत आलो, ती सगळी वेळेला माझ्याच मदतीला धावून आली.

दादा फाटकाशी स्टुलावर बसले होते. आम्हाला पाहून उठले, दुसरं स्टूल आणलं, मला बसवलं. "चहा सांगू?" त्यांनी मला विचारलं. भावाकडे पाहिलं नाही. साटम उभेच राहिले. मी घसा साफ केला आणि पहिलं वाक्य सुरू करणार तेवढ्यात आतून एका मोटारीचा हॉर्न वाजला.

फाटक दोन दारांचं, लोखंडी, जड होतं. दादा एक दार ओढायला गेले. एक दार उघडून मग पळत दुसऱ्याकडे जायची त्यांची रीत असावी. साटम दुसऱ्या दाराला लागले. दोघांनी एकदमच ओढलं. मोटार गेली. आतल्या माणसाने दादांकडे पाहिलं नाही, साटमांकडेही नाही. दादांनी तरी सलाम केला. साटमांनी एकदा भावाच्या हाताकडे पाहिलं आणि तसाच सलाम केला.

"तू कशाला करतोस?" दादा म्हणाले.

"दाराला उभा आहे ना," साटम म्हणाले.

दारं लावली. पुन्हा हॉर्न, पुन्हा दोघांनी उघडली. माझी वाक्यं माझ्यापाशीच राहिली आणि ते बरंच झालं.

"दादा," साटम दार धरूनच म्हणाले, "रविवारी जुहूला येशील?"

"रविवारी ड्यूटी असते."

साटमांनी मान हलवली. दादा कडी घालायला वाकले. ती घट्ट होती, बसेना. ती ठोकता ठोकता, खाली बघतच ते म्हणाले, "सुट्टी सोमवारची असते माझी."

सोमवारी मरोळच्या शेडमध्ये आठवड्याचा माल निघतो. लग्नालासुद्धा सोमवारी शेड बंद ठेवणार नाही, असं साटम नेहमी म्हणत.

"सोमवार मला बरा," साटम म्हणाले.