रिठे सर

आमच्या क्लासच्या ऑफिसात कुणी उसासा टाकला की रिठे सर "शाब्बास!" म्हणत. टाकणाऱ्याला दुःख काय झालंय याची चौकशी नाही. एकदा मुलाला चाचणीत कमी मार्क पडले म्हणून उदगीरहून आलेल्या एका वडिलांनी माझ्या टेबलासमोर बसून भलामोठा सुस्कारा सोडला. सर दारातूनच म्हणाले, "शाब्बास! आणखी एक घ्या. छातीतले मिटलेले फुगे उघडतात त्यानं." ते गृहस्थ मुलाचं नाव काढूनच घेणार होते. दोन कप चहा पाजून मी त्यांना थांबवलं.

भूकंपाला तेव्हा सात-आठ वर्षं झाली होती. ज्या लातुरात माणसं छताखाली झोपायला घाबरत होती, तिथं आता गल्लोगल्ली क्लास निघाले होते आणि एकेका हॉलमध्ये दोन-दोनशे पोरं डॉक्टर व्हायला बसत होती. मी अशाच एका क्लासचं ऑफिस बघत असे. हजेरी, वेळापत्रक, पालकांची भांडणं, बंद पडलेले पंखे.

रिठे हे सरांचं आडनाव नव्हे, पोरांनी ठेवलेलं नाव. ते जीवशास्त्र शिकवत. फुप्फुसाचा धडा आला की घरून पितळी तांब्यात रिठ्याचं पाणी आणि खिशात पपईच्या देठाची नळी घेऊन येत. आधी साध्या पाण्यात फुंकत. बुडबुडे यायचे आणि लगेच फुटायचे. मग रिठ्याच्या पाण्यात फुंकत. तांब्यावर फेसाचा डोंगर चढायचा, टेबलावर सांडायचा, तरी सर फुंकतच. पुढच्या बाकावरच्या मुली वह्या उचलून घेत.

"श्वास घ्यायचं सगळेच सांगतात," सर ओठ पुसत म्हणत. "सोडल्यावर काय होतं ते बोला. छातीत कोट्यवधी बारके फुगे हायत, आणि आतून ओले हायत. पाणी पाण्याला ओढतं. म्हणून श्वास सोडला की फुगा मिटायला बघतो, ओली प्लॅस्टिकची पिशवी आतून चिकटते तसा. त्याला मिटू कोण देत न्हाई? सरफॅक्टंट. पातळ थर असतो, फुप्फुस स्वतःच बनवतं. तो हाय म्हणून फुगा थोडा उघडा राहतो आणि पुढचा श्वास सोपा जातो. तो नसला तर दर श्वास जन्मल्यावरच्या पहिल्या श्वासाइतका जड."

एवढ्यावर थांबले असते तर कुणाची तक्रार नव्हती. पण सर या एका थराला सहा-सहा तास घेत. बाहेरही तेच. बसमध्ये कुणाच्या कडेवर तान्हं दिसलं की विचारणार, "पुरे दिवस भरले होते का?" नांदेडच्या गाडीत एका आजीबाईंनी त्यांना छत्रीच्या टोकानं ढोसलं होतं, ते त्यांनी स्वतःच मला सांगितलं. वर म्हणाले, "पण भरले होते, मॅडम. बाळ लई छान श्वास घेत होतं."

शेवटी संचालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"मॅडम, हा माणूस काय करून राहिला? एका प्रश्नासाठी सहा तास? तोही परीक्षेला कधी येतो, कधी येत न्हाई. या बॅचपासून फुप्फुसाला दोन तास. रिठा बंद. न्हाई तर हैदराबादहून माणूस आणतो. तुम्ही मागं बसा आणि काय होतं ते मला सांगा."

मी सरांना जसंच्या तसं सांगितलं.

"दोन तासांत श्वास घेणं होतं," ते म्हणाले. "सोडणं राहतं."

"सर, नोकरी राहते का ते बघा आधी."

"हाव. बघतो."

त्यांनी काही बघितलं नाही. तिसऱ्या दिवशी तांब्या घेऊन हजर. मी शेवटच्या बाकावर बसले होते, हे त्यांना चांगलं दिसत होतं. फेस झाला, टेबल ओलं झालं आणि मग सर मुद्दे सांगू लागले. पोरं खाली मान घालून लिहीत होती. सहावा मुद्दा असा, की हा थर बाळ पोटात असताना शेवटच्या दोनेक महिन्यांत पुरेसा तयार होतो. मग सर थांबले.

"सात. याच्या खाली रेघ मारा. लवकर जन्मलेल्या बाळाला श्वास घेता आला न्हाई, तर त्यात आईची चूक नसते."

मुरुडच्या एका मुलीनं हात वर केला. "सर, हे परीक्षेला येतं का?"

"परीक्षेला येत न्हाई. घरी येतं."

पोरं हसली नाहीत. रेघा मारल्याचा तेवढा आवाज आला.

तास संपल्यावर मी त्यांना ऑफिसात बसवलं आणि दार लावलं. म्हटलं, संचालकांना मी काय सांगू? हा सातवा मुद्दा कुठल्या पुस्तकात आहे?

पुस्तकात नव्हताच तो. भूकंपानंतर सर आणि त्यांच्या पत्नी औशाकडच्या एका खेड्यात पत्र्याच्या शेडमध्ये राहत होते. सर तिथल्या शाळेत शिक्षक. सातव्या महिन्यात दवाखान्यात बाळंतपण झालं. मुलगा दीड दिवस जगला. दर श्वासाला त्याच्या बरगड्या आत ओढल्या जात होत्या, हे सांगताना सरांनी स्वतःच्या छातीवर बोटं टेकवून दाखवलं. बाळ गेल्यावर चार माणसांत ते बायकोला म्हणाले, "ओल्या लाकडांच्या धुरात बसून राहिलीस. त्या धुरानं त्याची छाती भरली."

"तुम्ही असं म्हणालात?"

"माझं एमेस्सी वनस्पतिशास्त्रात झालं, मॅडम. फुप्फुसाचं मी पुढं क्लासला लागल्यावर वाचलं."

पत्नी महिन्याभरासाठी म्हणून कंधारला माहेरी गेल्या त्या परत आल्या नाहीत. तिथंच अंगणवाडीत कामाला लागल्या.

"हे सगळं त्यांना सांगितलंत?"

"दर बॅचला दोनशे पोरांना सांगतो."

"त्या बॅचमध्ये त्या बसतात का?"

मला कुणाच्या घरच्या गोष्टीत पडायची सवय नाही. पण ज्या कामासाठी माणूस नोकरी घालवायला निघालाय ते काम भलत्याच ठिकाणी चाललंय, हे दिसत असताना गप्प बसणंही मला जमत नाही. म्हटलं, "संचालकांना मी सोमवारपर्यंत काही सांगत नाही. रविवारी कंधारची गाडी पकडा."

"काय बोलू तिच्याशी?"

"सातवा मुद्दा."

सोमवारी सर वेळेवर आले. हातात काही नव्हतं.

"मॅडम, फुप्फुसाला इथून पुढं दोनच तास टाका. सातवा मुद्दा काढून टाकला मी. ते पोरांना सांगायचं नव्हतंच."

नोकरी राहिली. मी वेळापत्रकात तशी दुरुस्ती केली आणि विचारलं, "भेट झाली?"

"झाली. तिनं पाणी दिलं. सगळं ऐकून घेतलं. फुग्यांचं, थराचं, धुराचा काही संबंध नव्हता, ते सगळं. मग म्हणाली, हे मला दवाखान्यातल्या सिस्टरनं त्याच दिवशी सांगितलं होतं. दिवस भरले नव्हते, फुप्फुसं कच्ची होती, तुझं काही चुकलं नाही म्हणून."

"मग तेव्हाच बोलल्या का नाहीत?"

"मीही तेच विचारलं." सर टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिले. "म्हणाली, तुम्ही एमेस्सी झालेले. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असूनच तसं बोललात."

घंटा झाली. सर उठले नाहीत. मी वर्गात जाऊन पोरांना सांगितलं, आज जीवशास्त्राचा तास होणार नाही.