नावानिशी सांभाळ

देवळात गेलेला माणूस देवाकडे बघतो. आमचे शेजारी सुदाममामा चपलांकडे बघतात. आरती असो की प्रवचन, ते दाराशी बसून राहतात आणि संपल्यावर लोक किती घाईनं चपला घालतात, त्यावरून त्या देवस्थानाचा निकाल लावतात. "देव चांगलाय, पर बसाय कुणी नाय!"

मामा मूळचे मेंढपाळ. चराऊ रानाचे प्लॉट पडले, उरलासुरला चारा दुष्काळानं नेला. मग मेंढरं विकून ते चिकलठाण्याला मुलाच्या फ्लॅटमध्ये आले. मुलगा-सून दोघंही शिफ्टला. मामी गेल्यापासून मामांशी बोलायला टीव्ही तेवढा उरला, आणि तो त्यांचं ऐकून घेत नाही. म्हणून मामा दोन शब्द बोलणारी माणसं शोधत संभाजीनगरभर फिरायचे. मठ झाले, दर्गे झाले. एका ध्यानकेंद्रात सगळे डोळे मिटून बसलेले असताना त्यांनी शेजारच्याला गदागदा हलवलं, "पाव्हणं, गाव कंचं?" तिथून त्यांना बाहेर काढलं.

शेवटी कॉलनीचा वॉचमन शांतवन एका रविवारी आम्हा दोघांना त्याच्या गावच्या चर्चमध्ये घेऊन गेला. सिल्लोडच्याही पुढे, एसटीनं, मग धुळीतून पायी. वर पत्रे, खाली सतरंजी. मामा सवयीनं दाराशी बसले.

गाणी झाली. तिथले धर्मगुरू, पाळकसाहेब, म्हणाले, "प्रार्थनेत कुणाची नावं घ्यायची?" कुणी आजारी आईचं सांगितलं, कुणी पुण्याला गेलेल्या लेकाचं. एकदम मामा उभे राहिले.

"सोनी, चंदी, गुणी अन् बारकी रखमी. दुष्काळात दुसऱ्यांच्या घरी धाडल्या. पोटभर खायला मिळतं का नाय, काय ठावं नाय."

सगळं चर्च हळहळलं. पाळकसाहेबांनी डोळे मिटले. "प्रभू, या चारही लेकींना सासरी सुखी ठेव..."

शांतवन धडपडत पुढं गेला आणि त्यांच्या कानाला लागला. मामा मेंढवाड्यावर रोज संध्याकाळी देवापुढं मेंढरांचीच नावं घ्यायचे, हे त्या भल्या माणसांना कुठून ठाऊक असणार? मला सतरंजीखाली शिरावंसं वाटलं.

पाळकसाहेबांनी डोळे उघडले, मामांकडे पाहिलं आणि पुन्हा मिटले. "प्रभू, मेंढरं आहेत. तरी नावानिशी सांभाळ."

"आमेन," सगळे म्हणाले. मागून एका म्हाताऱ्यानं विचारलं, "एडका नव्हता का कळपात?" होता. राजा. त्याचंही नाव घेतलं गेलं.

मग पुढच्या रांगेतल्या एक आजी मागं वळल्या. "भाऊ, समद्यांची झाली. तुमचं नाव कोण घेतं देवापुढं?"

मामा म्हणाले, "मालकीण घ्यायची. आता नाय कुणी."

"नाव काय तुमचं?"

"सुदाम."

आजींनी हात जोडले आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "देवा, आमच्या सुदामला सांभाळ."

मामांनी डोक्यावरची टोपी काढून तोंडावर धरली. उपासना संपली, लोक उठले, शांतवन जेवायला बोलवायला आला. मामा टोपी काही खाली करेनात.