मुदत संपली की घरी

"मुलांना विचार करायला लावा," असं हेडमास्तर रेणुकादासांनी बजावलं, तिथंच सगळं बिघडलं. वसंतराव बिचारे हंगामी मास्तर. पक्कं व्हायचं तर हेडमास्तरांची शिफारस हवी. नायगावचे आप्पासाहेब तर तोंडावर म्हणाले होते, "आधी नोकरी पक्की करा, मग आमच्या सिंधूचं बघू." सिंधूला वसंतरावांनी एकदाच पाहिलं होतं, पण तेवढ्यावर माणूस कामातून गेला होता. हेडमास्तर विहिरीत उडी मारा म्हणाले असते, तरी हे धोतराचा काचा मारून तयार झाले असते.

त्या दिवशी नववीला अमेरिका होती. निजामाच्या राज्यात तास चालायचा उर्दूतून आणि डुलक्या चालायच्या मराठीतून. वसंतरावांनी पुस्तक मिटलं आणि सरळ मराठीत सांगितलं, की तिथला राष्ट्राध्यक्ष लोक निवडतात. चार वर्षांनी त्याची मुदत संपते. लोकांनी पुन्हा निवडलं तर पुन्हा बसतो, नाहीतर खुर्ची सोडून मुकाट घरी जातो.

"कुनी मेल्याबिगर?" मन्मथनं विचारलं.

"मेल्याबिगर."

वर्ग खडबडून जागा झाला. "मग सर, आपले आलाहजरत घरी कवा जानार?"

खुद्द निजामांचा विषय निघाल्यावर वसंतरावांनी आधी खिडकी लावली, मग दार लावलं. "हे बघ बाबा, तू आपला शाळेपुरता विचार कर. बस खाली."

पोरं शाळेपुरता विचार करू लागली. आता ही काय त्यांची चूक? दुसऱ्या दिवशी वर्गाचा मॉनिटर भीमाशंकर उठला, डस्टर टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "पाचवीपासून मीच हाय सर. मुदत संपली." आणि दप्तर उचलून खरंच घरी निघाला. वसंतरावांना अगदी भरून आलं.

फाटकाजवळ चपराशी सटवाजी घंटेखाली बसला होता. भर शाळेत कुठं निघालास म्हणून त्यानं हटकलं, तेव्हा भीमाशंकरनं त्याला अमेरिका समजावून सांगितली. सटवाजीनं डोकं खाजवलं.

"आमी तर लई वर्सं टोले देऊन राहिलो की," तो म्हणाला. मग हातोडी खुंटीला लावली आणि अर्धापूरला भावाच्या केळीत निघून गेला.

झालं. घंटाच नाही तर तास सुटणार कसा? हेडमास्तर दहावीला फारसी शिकवत होते. पोरांनी तोच धडा एकदा म्हटला, दोनदा म्हटला, मग डोळे मिटून म्हटला. दुपार कलली. एका मुलाला भुकेनं भोवळ आली, तेव्हा कुठं हेडमास्तर बाहेर आले आणि चौकशी करत करत वसंतरावांपुढं येऊन उभे राहिले.

"चपराशी कुठाय?"

"घरी गेला, साहेब. मुदत संपली म्हणे."

"हे कुणी शिकवलं त्याला?"

वसंतरावांच्या डोळ्यांपुढून सिंधू दुसऱ्याच कुणा मास्तराच्या गाडीत बसून निघून गेली. "मीच, साहेब. म्हणजे, विचार करायला लावा असं तुम्हीच..." आणि त्यांनी अमेरिकेतल्या चार वर्षांच्या मुदतीची सगळी हकीकत सांगून टाकली.

हेडमास्तर मटकन खुर्चीत बसले. पेन्शनचं वय टळून गेलं, तरी वरच्यांच्या विनवण्या करकरून ते खुर्ची धरून होते, हे गावातलं शेंबडं पोरही सांगत असे. त्यांनी हळूच विचारलं, "घरी जाऊन काय करतो हो तो राष्ट्राध्यक्ष?"

"शेती बघत असेल, साहेब. नातवंडं खेळवत असेल."

"लोक हसत नाहीत?"

"नाही साहेब, उलट मान देतात."

हेडमास्तरांचे डोळे पाणावले. भोकरला त्यांचं शेत होतं, आणि अजून नीट न पाहिलेला नातूही होता. "वसंतराव, मी खुर्ची सोडतो. आणि जाण्याआधी तुमची शिफारस करून जातो."

वसंतराव पाया पडायला वाकले.

"चार वर्षांची," हेडमास्तर म्हणाले. "तत्त्व तुमचंच. शिकवणाऱ्यानंच मोडलं तर पोरांनी काय शिकायचं?"

नायगावला जाताना वसंतरावांनी वाटभर थाप जुळवली, पण आप्पासाहेबांसमोर बसल्यावर ती काही बाहेर येईना. शेवटी अमेरिकेपासून सुरुवात करून त्यांनी सगळं खरं सांगितलं.

आप्पासाहेब सुपारी कातरत म्हणाले, "चार वर्सांची नोकरी. मग पोरगीबी चार वर्सांपुरतीच न्यायची का?"

वसंतरावांनी टोपी घातली आणि ते उठले.

तेवढ्यात दाराआडून सिंधूचा आवाज आला. "आप्पा, त्यांला बसा म्हना. मी चार वर्सं बघते. बरं वाटलं तर पुन्हा निवडीन."

वसंतराव टोपीसकट बसले.